संदेष्टा आणि पैगंबर

'पैगंबर' हा शब्द फारसी आहे. पैगाम म्हणजे निरोप. निरोप आणणारा तो पैगंबर. मराठी बायबलात 'संदेष्टा' हा शब्द येतो. संदेश सांगणारा तो संदेष्टा. शब्द दोन, अर्थ एक. पण ख्रिस्ती माणसाच्या आणि मुसलमान माणसाच्या मनात या शब्दांनी एकच चित्र उभे राहत नाही.

आम्ही शाळेत असताना एकदा मधल्या सुट्टीत दोन मुलांची जुंपली. एक ख्रिस्ती, दुसरा मुसलमान. ख्रिस्ती मुलगा म्हणाला, "दावीद राजाने पाप केले." दुसरा खवळला. "पैगंबराची निंदा करतोस?" आम्ही दोघांनाही दटावून गप्प बसवले. खरे तर समजावून सांगायला हवे होते. पण तेव्हा आमचे आम्हालाच ठाऊक नव्हते!

दावीद, दाऊद, डेव्हिड हे एकच नाव. मूळचा मेंढपाळ, पुढे तो इस्राएल लोकांचा राजा झाला. बायबल सांगते की उरीया नावाच्या शिपायाच्या बायकोवर राजाचे मन गेले. त्याने तिला बोलावून घेतले. मग उरीयाला लढाईत अगदी पुढे ठेवायला लावले. उरीया मेला. राजाने त्याच्या बायकोशी लग्न केले.

तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा राजाकडे आला. त्याने गोष्ट सांगितली. एका गावात एक श्रीमंत होता, एक गरीब होता. श्रीमंताकडे पुष्कळ गुरेमेंढरे. गरिबाकडे एकच मेंढी, लेकीसारखी वाढवलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला. त्याने आपले जनावर राखले आणि गरिबाची मेंढी कापली. राजा संतापला. तेव्हा नाथानाने सांगितले, की तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच. राजाला तोंडावर असे सांगायला छाती लागते! दावीदाने पाप कबूल केले.

ख्रिस्ती लोक दावीदाला फार मानतात. पण त्याचे पाप त्यांच्या ग्रंथाने झाकलेले नाही. संदेष्टाही माणूसच, तोही चुकतो, असे ते समजतात. योना नावाचा संदेष्टा तर देवाची आज्ञा टाळून पळाला होता. निष्पाप असा एक येशूच, अशी त्यांची श्रद्धा.

आता कुराण पाहू. त्यात दाऊद हे पैगंबर आहेत. मेंढीची गोष्ट तेथेही आहे, पण निराळी. अडतिसाव्या सूरेत दोन माणसे भिंत चढून दाऊदांपुढे येतात. एक म्हणतो, माझ्या भावाकडे 99 मेंढ्या, माझ्याकडे एक, तीही तो मागतो. दाऊद निवाडा देतात. मग ही आपलीच परीक्षा होती हे ओळखून ते अल्लाची क्षमा मागतात. उरीयाचे नाव तेथे नाही. बायबलातील ती हकीकत बहुतेक मुसलमान विद्वान मानीत नाहीत. अल्ला पैगंबरांना मोठ्या पापापासून राखतो, असे ते म्हणतात. निरोप्याच खोटा निघाला तर निरोपावर भरवसा कोण ठेवील?

याहून मोठा फरक येशूबद्दल आहे. मुसलमान त्यांना ईसा म्हणतात. कुराणाची एकोणिसावी सूरा त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाची आहे. ईसा कुमारिकेच्या पोटी जन्मले, हे कुराणालाही मान्य आहे. पण ते पैगंबर, देवाचे पुत्र नव्हेत. ख्रिस्ती लोकांना येशू हा देवपुत्र. इसवी सन 325 मध्ये नायसिया येथे धर्मगुरूंच्या सभेने तसे लिहूनच ठेवले. त्यांच्या मते जुन्या संदेष्ट्यांनी ज्याची वाट दाखवली तो हा, म्हणजे येथे निरोप स्वतःच माणूस होऊन आला. मुसलमानांच्या मते निरोप म्हणजे कुराण. ते महंमद पैगंबरांना 610 पासून 632 पर्यंत थोडे थोडे मिळत गेले. त्यांच्यानंतर पैगंबर नाही.

ख्रिस्ती धर्म महंमदांना संदेष्टा मानीत नाही, हेही उघड सांगितलेले बरे. मुसलमान मात्र ईसांचे नाव घेतले की 'अलैहिस्सलाम' म्हणतो, त्यांना शांती लाभो. दाऊदांच्या नावापुढेही तो तेच म्हणतो.