जनुकांनुसार आहार: पैसे मोजण्यापूर्वी

लाळेचा आणि शौचाचा नमुना पाठवा, तुमच्या जनुकांना व आतड्यांतल्या जिवाणूंना मानवेल असा आहार घ्या आणि वजन उतरवा, या जाहिरातीत दोन दावे एकमेकांत मिसळलेले असतात. माणसागणिक शरीर वेगळे वागते, हा पहिला. तो खरा आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांच्या रक्तातील साखरेची सतत नोंद ठेवली, तेव्हा तोच पदार्थ खाऊन एकाची साखर भराभर चढली, तर दुसऱ्याची जेमतेम हलली. जिवाणूंची माहिती हाताशी धरून हा चढ आधी वर्तवताही आला. पण असा अंदाज बांधून आहार ठरवला की वजन अधिक उतरते, हा दुसरा दावा त्यातून आपोआप सिद्ध होत नाही, आणि पैसे घेतले जातात ते याच दाव्यासाठी.

तो तपासला गेला आहे. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांपैकी निम्म्यांना कमी स्निग्धांचा, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला. २०१८ मध्ये आलेला निकाल असा: सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे जवळपास सारखीच. जनुकांशी ‘जुळणारा’ आहार मिळालेल्यांना जास्तीचा लाभ झाला नाही. साखर किती चढेल याच्या व्यक्तिगत अंदाजावर बेतलेला आहारही न्यूयॉर्कमध्ये सुमारे २०० जणांवर पारखला गेला. सहा महिन्यांनी साधा कमी स्निग्धांचा आहार त्याच्या मागे पडला नव्हता. लठ्ठपणाशी जोडलेल्या ‘एफटीओ’ जनुकाचा बोलबाला मोठा. पण त्याचा धोक्याचा प्रकार असलेल्यांचे वजनही प्रयत्नांनी इतरांइतकेच उतरते.

यावर कुणी अमेरिकेतल्या ३४७ जणांवरच्या २०२४ च्या प्रयोगाकडे बोट दाखवेल. तिथे व्यक्तिगत आहार घेणाऱ्यांचे वजन आणि कंबर खरोखर अधिक घटली. मात्र त्यांना अ‍ॅपची सतत सोबत होती, दुसऱ्या गटाला सर्वसाधारण सल्ला. मग गुण चाचणीचा की पाठपुराव्याचा? म्हणून विक्रेत्याला माझ्या मते एकच प्रश्न विचारावा: तितकाच पाठपुरावा केलेल्या साध्या आहाराशी तुमची तुलना झाली आहे का? पाठपुरावाच हवा असेल तर तो आहारतज्ज्ञाकडे मिळतो, नमुने न पाठवता.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. अगदी लहान वयात मूल झपाट्याने लठ्ठ होत असेल आणि त्याची भूक भागतच नसेल, तर एखाद्याच जनुकातला दोष कारण असू शकतो, आणि अशा काही दोषांवर औषधही आहे. तिथे जनुकचाचणी जरूर करावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. बाकीच्यांनी आधी कंबर मोजावी. कारण वजनावरून चरबी कळतेच असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली, की वजनकाटा काहीही सांगो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.