जोडविमानाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकाने विमानप्रवासावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रस्तुत विषय विमानाचा नसून जोखमीचा आहे, आणि तो मी पुस्तकात नव्हे तर घरच्या अनुभवातून शिकलो. माझे मूळ घर पांढुर्ण्याचे. थोरली बहीण सौंसरला दिली आहे. दोन्ही गावे पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. गावे मध्य प्रदेशात असली तरी आमचे दवाखाने, बाजार आणि विमानतळ नागपूरचेच. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून त्याहून कमी, आणि दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र येतात.

नागपूर आणि ‘जोड’ यांचे नाते जुने आहे. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाची व उतारूंची अदलाबदल होई आणि ती परत फिरत. एक विमान उशिरा आले तर इतरांनी निघून जाण्यात अर्थच नसे, कारण सारी योजना एकच होती. आजच्या प्रवाशाची अडचण नेमकी येथे आहे. त्याने दोन वेगळी तिकिटे काढली, की ती जोड फक्त त्याच्या मनात असते. विमान कंपन्यांच्या लेखी तिला अस्तित्व नसते.

२०२४ साली ताईच्या मुलीचे लंडनला बाळंतपण होते. जावयांजवळ पुष्कळ पॉइंट साठले होते. वारंवार प्रवास करणाऱ्याला पॉइंट किंवा मैल देण्याची ही पद्धत अमेरिकेत १९८१ पासून रुजली आणि पुढे आपल्याकडेही आली. त्या पॉइंटांवर जावयांनी मुंबई ते लंडन असे जाण्यायेण्याचे तिकीट काढले. नागपूर ते मुंबई हा तुकडा माझ्याकडे आला. मी हिशेबी माणूस; सर्वांत स्वस्त तिकीट घेतले आणि ताईला अभिमानाने कळवले.

पहिली ठोकर पंचांगाची. ताई पोळ्याला माहेरी येणार आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच निघणार, असे ठरले होते. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्याची गोटमार! जाम नदीच्या दोन्ही तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे असताना सामान घेऊन गाडी काढणे कोणाच्याच मनाला येईना. नोकरीनिमित्त इतकी वर्षे इकडे राहून मीच गावाची तिथी विसरलो होतो. जावयांनी लंडनचे तिकीट थोड्या शुल्कात दोन दिवस पुढे नेले. माझ्या स्वस्त तिकिटाला मात्र बदलाचे शुल्क आणि वाढलेल्या भाड्यातील फरक मिळून जवळजवळ नव्या तिकिटाएवढा खर्च आला.

येथे थोडे गणित करू. समजा, साधे तिकीट ५,००० रुपयांना आहे आणि बदलाचे शुल्क ३,००० रुपये. फ्लेक्सी तिकीट ६,५०० रुपयांना आहे आणि त्यावर बदलाचे शुल्क नाही. भाड्यातील फरक दोन्हींत भरावाच लागतो, म्हणून तो बाजूला ठेवू. १,५०० रुपये जादा देऊन आपण ३,००० रुपयांची संभाव्य हानी टाळतो. म्हणजे बदल होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, तरच फ्लेक्सी परवडते. पॉइंटांच्या तिकिटाबाबत ती शक्यता आरंभी बरीच मोठी असते. अशा जागा मोजक्या असतात, कधी फार आधी तर कधी अगदी शेवटी खुल्या होतात, आणि अधिक सोयीची जागा दिसली की आपण तारीख बदलतो. शिवाय मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून विमानांची नवी वेळापत्रके लागू होतात, तेव्हा छोट्या पल्ल्याची विमाने सर्रास वेळ बदलतात. तारीख पक्की होईपर्यंत फ्लेक्सी घ्यावी. पक्की झाल्यावर काढायचे असेल तर साधे तिकीटही चालते. फ्लेक्सी या शब्दावर मात्र विसंबू नये. बदल उड्डाणाच्या किती तास आधी करता येतो आणि किती वेळा, हे प्रत्येक कंपनीचे निराळे असते.

तिकीट रद्द झाले तरी सर्वच पैसे बुडत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक घेता येत नाही. विमानतळाची शुल्के, प्रवासी विमानात बसलाच नाही तरी, परत मिळतात. मागावी मात्र लागतात.

आता दुसरी ठोकर, जिच्यावर फ्लेक्सीचाही इलाज नव्हता. नव्या तारखेला नागपूरचे विमान रात्री आठला मुंबईत पोहोचायचे होते आणि लंडनचे दीड वाजता निघायचे होते. साडेपाच तास मला भरपूर वाटले. पावसामुळे विमान पावणेबारापर्यंत उतरले. तिकिटे वेगळी असल्याने पेट्या थेट लंडनला जाणार नव्हत्या. त्या पट्ट्यावरून उचलायच्या, सांताक्रूझच्या टर्मिनलवरून बाहेर पडायचे, टॅक्सीने सहारला जायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. ताई पोहोचली तेव्हा काउंटर बंद झाला होता. उड्डाणापूर्वी साधारण तासभर तो बंद होतो. विमान डोळ्यांसमोर उभे असले तरी उपयोग नसतो.

आणि खरा धक्का पुढेच होता. तिकिटाचा पहिला टप्पा न वापरल्यास पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात, या नियमाने परतीचे तिकीटही गेले. ताई फोनवर म्हणाली, “विमान गेलं तं गेलं बापू, पन परतीचं कसं गेलं रे? मी तं त्याले हातबी नाही लावला!” अर्थशास्त्राच्या तासाला याहून चांगला प्रश्न मला कोणी विचारला नाही. पॉइंट पुढे काही कापून परत आले. परंतु पुन्हा जागा मिळायला अकरा दिवस लागले. ताई लंडनला पोहोचली तेव्हा नात चार दिवसांची झाली होती. डिंकाचे लाडू पोहोचले, पण आई जवळ हवी होती ती वेळ निघून गेली होती. जावयांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, हे अधिक लागले.

२०२५ मध्ये ताई पुन्हा निघाली, तेव्हा मी आधी जावयांना एकच विचारायला सांगितले: पॉइंटांचे तिकीट नागपूरपासूनच मिळेल का? भागीदार कंपनीच्या देशांतर्गत विमानात अशी जागा असेल, तर सारा प्रवास एकाच पीएनआरवर येतो. मग पेट्या पुढे पाठवणे आणि जोड चुकल्यास पुढच्या विमानात बसवणे ही कंपनीची जबाबदारी ठरते. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्स या संघात आली, तेव्हापासून परदेशी कंपन्यांच्या पॉइंटांवरही असे तिकीट शक्य झाले. त्या दिवशी मात्र जागा नव्हती. कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांनी हीच विचारणा सांबऱ्याहून करून पाहिली, तेव्हा त्यांना मिळाली. हा नशिबाचा भाग आहे.

आम्ही पुन्हा वेगळे तिकीट घेतले, या वेळी फ्लेक्सी, आणि लंडनची तारीख ठरताना ते एकदा बदललेही. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान विनाशुल्क नेता येते आणि परदेशी विमानात त्याहून पुष्कळ, हा फरकही आधीच ध्यानात घेऊन जादा वजनाचे पैसे भरून टाकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे, तेव्हा आता तिकिटावर उतरण्याच्या विमानतळाचे नावही वाचावे. सर्वांत महत्त्वाचे, ताईला एक दिवस आधीच मुंबईला पाठवले. रात्री तिने पार्ल्याला चुलत भावाकडे मुक्काम केला. त्या दिवशीही नागपूरचे विमान दोन तास उशिरा सुटले. ताईने फोन केला तो तक्रारीसाठी नव्हता; सौंसरची संत्री पेटीत फुटली तर नसतील ना, एवढीच तिला काळजी होती.