प्रत्येकाचा हक्क प्रत्येकाला
घर, रोजगार आणि समाज यांचा समतोल

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेस आल्यानंतर त्यांनी आपल्या सोबत्यांना दोघा-दोघांच्या बंधुत्वात जोडले. सत्याच्या शोधात इराणहून निघालेले हजरत सलमान फारसी (रजि.) आणि मदीनेचे हजरत अबू दरदा (रजि.) यांची अशीच जोडी जमली. एकदा सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले. घरातील भाभींचे कपडे जुने, अवतार उदास. विचारपूस करता त्यांनी इतकेच सांगितले की, तुमच्या भावाला या जगात काही गोडी उरलेली नाही.

अबू दरदा (रजि.) यांनी पाहुण्यासाठी जेवण मांडले, पण स्वतःचा रोजा असल्याचे सांगितले. सलमान (रजि.) अडून बसले, यजमान जेवल्याशिवाय त्यांनी घास घेतला नाही. रात्री अबू दरदा (रजि.) नमाजसाठी उठू लागले, तर त्यांना पुन्हा पुन्हा झोपायला लावले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा त्यांना उठवले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग समजावले की, तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या स्वतःच्या देहाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे. म्हणून ज्याचा हक्क त्याला पोचता करा. हा वृत्तांत प्रेषितांच्या (स.) कानी गेला, तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे असल्याचा निर्वाळा दिला. ही हदीस सहीह बुखारीत आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, अबू दरदा (रजि.) काही वाईट काम करीत नव्हते. ते उपासनेत मग्न होते. तरीही त्यांना थांबवावे लागले, कारण एकाला देताना दुसऱ्याचा हक्क बुडत होता. उपासनेलाही घरच्यांचा हक्क बुडवण्याची मुभा नसेल, तर आपल्या दुकानाला, नोकरीला किंवा पुढारीपणाला ती कोठून मिळणार?

एका बापाचा दिवस

आपल्या बिलोलीतील एखाद्या बापाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. फजरची नमाज, मग बाजारपेठेतील दुकान. सोयाबीन-कापसाचा हंगाम असला की गिऱ्हाईक रात्रीपर्यंत हटत नाही. तालुका तेलंगणाच्या सीमेवरचा. मालासाठी कधी बोधन, कधी धर्माबाद, कधी नांदेड गाठावे लागते. रात्री तो घरी येतो तेव्हा मुलगी गणिताची वही उशाशी ठेवून झोपी गेलेली असते. शाळेतून आलेली पालकसभेची चिठ्ठी दप्तरातच राहून जाते. पत्नीने विषय काढला, तर उत्तर तयार असते : ‘हे सगळे मुलांसाठीच तर करतो आहे!’

हे उत्तर खोटे नाही. अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी कुटुंबावर केलेला खर्च हे पुण्यदान गणले जाते, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. हलाल कमाईसाठी गाळलेला घाम अल्लाहकडे वाया जात नाही. परंतु मुलांचा हक्क अन्न, वस्त्र आणि फी एवढ्यावर संपत नाही. घेणेकरी पैशासाठी दारात उभा राहतो, गिऱ्हाईक आवाज देते. लहान मूल मात्र आपल्या हक्काची मागणी करू शकत नाही. ते केवळ वाट पाहते आणि काही वर्षांनी वाट पाहणे सोडून देते. म्हणून सर्वांत आधी त्याचाच हक्क बुडतो.

प्रेषितांचे (स.) घर

हजरत आयशा (रजि.) यांना एकदा विचारण्यात आले की, प्रेषित (स.) घरात काय करीत असत? त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ होताच निघून जात. मदीनेचा कारभार, न्यायनिवाडा, स्वाऱ्या, दूरदूरहून येणारी शिष्टमंडळे हे सारे ज्यांच्या शिरावर होते, त्यांच्या घराचे हे वर्णन आहे. घरकाम आणि मुले हा केवळ आईचा विभाग, असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. आपल्याकडे अनेक भगिनी दिवसभर शेतात निंदणी-खुरपणी करून घरी येतात आणि पुन्हा चुलीपुढे बसतात. समतोलाचा सारा भार त्यांनीच वाहायचा, हा न्याय नव्हे.

प्रेषित (स.) नमाज लांबवण्याचा इरादा करून उभे राहत आणि मागे एखादे मूल रडू लागले, तर त्याच्या आईची घालमेल ओळखून नमाज आटोपती घेत. मुलाच्या रडण्यासाठी नमाज आटोपती घेतली जाऊ शकते, तर दुकानाचा हिशेब पंधरा मिनिटे आधी मिटवता येणार नाही काय?

समाजाचा हक्क

काही पालक उलट टोकाला जातात. ‘आपले घर भले, आपले काम भले’ म्हणून ते गावाच्या प्रश्नांकडे पाठ फिरवतात. येथे ‘हिल्फुल फुजूल’ या कराराची आठवण ठेवावी. मक्केत एका परदेशी व्यापाऱ्याच्या मालाचे पैसे एका बड्या सरदाराने बुडवले. तेव्हा काही कुळांनी अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमून पीडिताच्या पाठीशी उभे राहण्याची शपथ घेतली. प्रेषित (स.) तेव्हा तरुण होते आणि त्यात सहभागी होते. प्रेषित्व लाभल्यानंतरही त्यांनी सांगितले की, अशा कराराची हाक आजही आली तर आपण ती स्वीकारू. करार करणारे इतर लोक मुस्लिम नव्हते. न्यायाच्या कामात शेजाऱ्यांसोबत उभे राहणे हा प्रेषितांचाच (स.) मार्ग आहे.

आज ही हाक वेगळ्या रूपात येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. शिक्षक कमी आहेत, स्वच्छतागृह बंद आहे, ही तक्रार ओट्यावर बसून करण्यापेक्षा समितीच्या बैठकीत मांडावी. खेड्यांत वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. पाणी, नाली, रस्ता यांचा विषय तेथे निघतो; आपण गैरहजर राहिलो तर निर्णय आपल्याविना होतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचे नाव मतदार यादीत घालणे, मुलीचेही तितक्याच तत्परतेने घालणे, हेही पालकाचेच काम आहे.

हक्क एकमेकांना भिडले तर?

फिकहमध्ये कर्तव्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. ‘फर्जे ऐन’ प्रत्येकाला स्वतःच पार पाडावे लागते. ‘फर्जे किफाया’ काहींनी पार पाडले तर इतर मोकळे होतात. कोणीच पाडले नाही तर सारेच दोषी ठरतात. रोजच्या ओढाताणीत हीच कसोटी वापरता येते. तुमच्या मुलाचा बाप तुमच्याऐवजी दुसरा कोणी होऊ शकत नाही. समितीचे काम मात्र मोहल्ल्यातील चार पालकांना पाळीपाळीने करता येते. एकानेच वाहायचे आणि बाकीच्यांनी घरी बसायचे, हे चूक. गिऱ्हाईक उद्याही येईल, ग्रामसभा चार महिन्यांनी येईल, पण मुलाचे बालपण परत येणार नाही.

शुक्रवारचीच शिकवण पाहा. अजान होताच खरेदी-विक्री सोडा आणि नमाज संपताच जमिनीवर पसरून अल्लाहची कृपा शोधा, असा सूरह जुमुआमधील आदेशाचा आशय आहे. बिलोलीच्या जुन्या मशिदीतून शुक्रवारी बाहेर पडणारी माणसे बाजाराकडे वळतात, तेव्हा याच आदेशाचे पालन होते. ज्याला अल्लाहसाठी दुकान बंद करता येते, त्याला अल्लाहने सोपवलेल्या अमानतीसाठीही ते बंद करता येईल.

आज रात्री एवढे करा. मगरिब आणि इशा यांच्यामधील वेळ घरासाठी राखून ठेवा. मोबाईल बाजूला ठेवून मुलांच्या वह्या पाहा, दिवसभरात काय घडले ते त्यांना विचारा, पत्नीचे म्हणणे मध्येच न तोडता ऐका. महिन्यातून एक वेळ शाळेसाठी किंवा मोहल्ल्यासाठी निश्चित करा आणि त्या वेळी मुलालाही सोबत न्या. समाजाचे काम कसे करतात, हे ते पाहून शिकेल.

प्रेषितांनी (स.) आपणा प्रत्येकाला राखणदार म्हटले आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यातील माणसांविषयी विचारले जाणार आहे. त्या दिवशी आपली मुले आपल्याविरुद्ध फिर्यादी म्हणून उभी राहू नयेत. अल्लाह आपणा सर्वांना प्रत्येकाचा हक्क ओळखण्याची आणि तो वेळेवर पोचता करण्याची तौफीक देवो. आमीन.