खाज पाठीला, दुखणे नसेचे

प्रश्न : दोन वर्षांपासून डाव्या खांद्याच्या पात्याशेजारी एकाच जागी खाज सुटते. हात पुरत नाही, म्हणून दाराच्या चौकटीला पाठ घासते. जागा काळी पडली आहे. गजकर्णाची मलमे झाली, खाजेच्या गोळ्या झाल्या. हे आहे तरी काय?
– एक वाचक, कामठा (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, चौकटीवरूनच अर्धे निदान होते! या दुखण्याला 'नोटाल्जिया पॅरेस्थेटिका' म्हणतात. हे नाव १९३४ पासूनचे. नाव भारदस्त असले तरी दुखणे जिवावरचे नाही.

पाठीच्या वरच्या भागातल्या, साधारण दुसऱ्या ते सहाव्या मणक्यापाशी निघणाऱ्या नसांच्या फांद्या जाड स्नायूंतून जवळजवळ काटकोनात कातडीकडे येतात. तिथे किंवा मणक्यापाशी नस दबली की ती खोटी वर्दी देते आणि मेंदूला वाटते, कातडीलाच खाज सुटली. काळा डाग हा घासण्याचा परिणाम. म्हणून गजकर्णाचे मलम इथे वायाच जाते आणि खाजेच्या नेहमीच्या गोळ्याही फारशा लागू पडत नाहीत. दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम महिनोन्‌महिने चोळाल तर कातडी मात्र पातळ होईल.

मग उपाय? मान, खांदे आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. भाताच्या रोवणीत दिवसभर वाकून काम करत असाल, तर तेही त्यांना आधी सांगा. खाज अनावर झाली की ओल्या फडक्याचा गारवा द्या. डॉक्टर बधिर करणारे लिडोकेनचे मलम, कॅप्सेसिनचे मलम किंवा गॅबापेंटिनची गोळी देऊ शकतात. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखट अंश. म्हणून भिवापुरी मिरची वाटून पाठीला लावायची नाही! औषधात त्याचे प्रमाण अगदी थोडे, बहुधा ०.०२५ टक्के असते. तरी सुरुवातीला आग होतेच, आणि रोज नेमाने लावले तरच गुण येतो. बंद केले की खाज परतूही शकते.

एक तपासणी मात्र टाळू नका. डाग फिकट किंवा लालसर असेल, तिथे स्पर्शच कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका आधी फेडून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषधे फुकट मिळतात. हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या असतील, तर मणक्याचीही तपासणी लागेल.

आणि चौकटीला पाठ घासणे आजपासून बंद.