आपले तोंड आणि जीवनसत्त्वे


दात घासताना माझ्या थुंकीत रक्त दिसायचे. मी घाबरून ब्रश करणेच सोडले. आजी म्हणाली, "मिसरी लाव, दात घट्ट होतील." मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात, तोंडाचा कर्करोगही होतो. आधी सांग, ताटात काय काय खातोस?" भाकरी, वरण, भात, एवढंच. भाजी मी बाजूला सारायचो!

जीवनसत्त्वे शरीराला अगदी थोडी लागतात, पण त्यांच्यावाचून चालत नाही.

जीवनसत्त्व क : हे फार दिवस मिळाले नाही तर हिरड्या सुजतात, रक्त येते, दात हलतात, जखमा लवकर भरत नाहीत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी लांबच्या प्रवासात खलाशांना तो व्हायचा. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरांनी १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत आधी सुधारली. आवळा, पेरू, लिंबू यांत क भरपूर असते.

जीवनसत्त्व ब : कमी पडले तर ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लाल होते, तोंड येते. दूध, अंडी, कडधान्ये, पालेभाज्या खाव्यात.

जीवनसत्त्व अ : कमी पडले तर रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, गाजर, पपई खावी.

जीवनसत्त्व ड : उन्हात खेळताना अंगात तयार होते. नागलीतले कॅल्शियम हाडादातांना मिळायला ते लागते.

पालकांना विनंती : भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. फार शिजवल्यानेही ते कमी होते. म्हणून कच्ची कोशिंबीर रोज असावी.

दातांच्या डॉक्टरांनी मला तपासले. ते म्हणाले, "तुझ्या हिरड्यांवर कीट साचलंय. नुसता पेरू खाऊन भागणार नाही, दोन वेळा ब्रश कर." आता मी दोन्ही करतो. रक्त थांबले आहे.

आजीची मिसरी मात्र सुटलेली नाही. तिला वाचता येत नाही. पालकसभेला ती येईल, तेव्हा हा लेख मीच तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.