इंग्रजी वाक्याचा आरंभ

वरवंड व आसपासच्या गांवांतील मुलें कॉलेजाच्या प्रवेशासाठीं अथवा नोकरीसाठीं इंग्रजींत अर्ज लिहितात. शब्द पुष्कळदां बरोबर असतात, परंतु वाक्य आरंभींच बिघडतें. कारण तेथें मराठीची संवय आडवी येते.

आपल्या भाषेंत अव्ययें बैलांप्रमाणें जोडीनें चालतात. 'जरी' म्हटलें कीं 'तरी' आलेंच, 'जेव्हां' म्हटलें कीं 'तेव्हां'. इंग्रजींत जूं एकाच्याच मानेवर असतें. "पाऊस झाला नाहीं, तरी आम्हीं पेरलें" हें सांगतांना "ऑल्दो इट डिड नॉट रेन, वी सोड" इतकेंच लिहावें; मध्यें 'बट' घालूं नये. 'बट' हवाच असेल, तर आरंभींचा 'ऑल्दो' काढावा.

'बिकॉज'चेंही असेंच आहे. "तो आला नाहीं. कारण तो आजारी होता." अशीं दोन वाक्यें मराठींत कोणास खटकत नाहींत. इंग्रजी लेखनांत मात्र 'बिकॉज ही वॉज इल' एवढ्यावरच पूर्णविराम दिल्यास वाक्य अर्धें राहतें. पुढें 'ही डिड नॉट कम' हें त्याच वाक्यांत आलें पाहिजे.

'ॲण्ड'नें वाक्य कधींच आरंभूं नये, असें कित्येक शिक्षक सांगतात. हा नियम आम्हांस मान्य नाहीं. १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रांत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतील ३१ पैकीं २९ वचनें याच शब्दानें आरंभतात. मूळ इब्रींत 'आणि' या अर्थाचें अक्षर पुढील शब्दास जोडूनच येतें, व भाषांतरकारांनीं तें राखिलें. (हीच इब्री भाषा शिकून पंडिता रमाबाईंनीं आपल्या शेजारच्या केडगांवीं मराठी शास्त्राचें भाषांतर केलें, तें १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.) कथेंत ही चाल शोभते, अर्जांत ओळीमागून ओळ 'ॲण्ड'नें उघडली, तर वाचणारा कंटाळतो.

अर्जाचें पहिलें वाक्य सर्वांत महत्त्वाचें. 'आय बेग टु स्टेट' ही कचेरींतील जुनी चाल आम्हांस निरुपयोगी वाटते. तिच्या मागून बापाची गरिबी, नापिकी, घरचें आजारपण हें सर्व येतें, आणि फी माफ करावी ही मुख्य विनंती पानाच्या तळाशीं जाते. शंभर अर्ज चाळणारा मनुष्य तेथवर पोहोंचेलच असें नाहीं. 'आय रिक्वेस्ट' म्हणून मागणी आधीं मांडावी, कारणें मागून द्यावीं.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याचा केवळ पहिला शब्द खालपर्यंत वाचीत जावें. सहा वेळां 'आय' आढळल्यास त्यांतील दोन-तीन वाक्यें 'माय फादर', 'लास्ट इयर', 'अवर लँड' अशा शब्दांपासून फिरवून लिहावीं.