‘डिस्रप्ट’ : विस्कळीत झाले की केले?



इंग्रजीतला एखादा शब्द आधी कागदावर येतो आणि मग हळूहळू आपल्या व्यवहारात शिरतो. ‘डिस्रप्ट’ हे क्रियापद त्यातलेच एक. विजेच्या सूचनेत, बँकेच्या पत्रात, मोबाईलवरच्या संदेशात आणि बातम्यांत ते वरचेवर दिसते. रोहिणखेड-मोताळा भागातला एखादा सभासद असा कागद पुढे करून विचारतो, “भाऊ, यात काय लिहेल आहे?” त्याला बहुधा एका शब्दात उत्तर मिळते, “बंद पडलं म्हणून लिहिलंय.” हे उत्तर अपुरे आहे. अपुरा अर्थ घेऊन आपण गप्प बसलो, तर नुकसान आपलेच होते. म्हणून या अंकात या एकाच क्रियापदाचा पाठ घेऊ.

शब्दाचे कूळ

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘रुम्पेरे’ म्हणजे मोडणे, तोडणे. ‘डिस’ म्हणजे वेगवेगळे, अलग. दोन्ही मिळून अर्थ झाला, ‘मोडून अलग अलग करणे’. याच कुळातले आणखी काही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ‘इंटरप्ट’ म्हणजे मध्येच तोडणे. ‘करप्ट’ म्हणजे आतून पार मोडलेला, नासलेला. ‘बँकरप्ट’ म्हणजे दिवाळखोर; हा शब्द इटालियन भाषेतून आला आणि तिथे त्याचा शब्दशः अर्थ ‘मोडलेला बाक’ असा होतो. बाक म्हणजे सराफाचा, पैशाच्या देवघेवीचा. आपण ट्रॅक्टरवाल्याला जो ‘रूट’ विचारतो तोही याच घरातला. रान मोडून, फोडून काढलेली वाट म्हणजे रूट.

मराठीत ‘डिस्रप्ट’साठी विस्कळीत करणे, घडी मोडणे, उधळून लावणे असे शब्द आहेत. प्रसंग पाहून त्यातला योग्य तो घ्यावा. नुसते ‘बंद पडणे’ मात्र यात बसत नाही.

शेजारच्या शब्दांशी फरक

ऊस वाहतुकीचेच उदाहरण घेऊ. ट्रॉलीचे टायर पंक्चर झाले आणि ती दोन तास उशिरा काट्यावर आली. हा ‘डिले’, म्हणजे उशीर. गिरणी साफसफाईसाठी ठरवून थांबवली. हा ‘स्टॉप’. चालू गाळपात एखादा पट्टा तुटला, तासाभरात बसवला आणि काम पुन्हा होते तिथून सुरू झाले. हे ‘इंटरप्ट’, म्हणजे खंड पडला.

आता असे समजा, की ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला. ट्रॉली शेतात जाईना. तोडलेल्या मोळ्या बांधावर पडून राहिल्या. टोळीला काम नाही म्हणून मुकादम तिला दुसऱ्या गटात घेऊन गेला. इकडे गव्हाणीत ऊस नाही, तेव्हा गिरणीच्या नोंदवहीत ‘नो केन’ असा शेरा पडला. ऊस नाही म्हणजे बगॅस नाही आणि बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरला शिलकी साठ्यावर भागवावे लागले. आता पाऊस उघडला तरी काम आपोआप पूर्ववत होत नाही. टोळी परत आणावी लागते, तोडीचा क्रम पुन्हा लावावा लागतो, वाहने पुन्हा वाटून द्यावी लागतात. याला म्हणतात ‘डिस्रप्ट’.

लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे. अडथळा दूर होताच काम आपसूक सुरू झाले, तर ते ‘इंटरप्ट’. अडथळा गेल्यावरही घडी नव्याने बसवावी लागली, तर ते ‘डिस्रप्ट’. पहिल्यात वाट पाहून चालते, दुसऱ्यात चालत नाही. तोडलेल्या उसातली साखर कोणासाठी थांबत नाही. तिचे न गोठणाऱ्या साखरेत रूपांतर होऊ लागते, वजनही घटते आणि उन्हाच्या दिवसांत हे अधिक झपाट्याने होते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा, असे म्हणतात ते यासाठीच. घटलेल्या वजनाचा तोटा शेतकऱ्याला, घटलेल्या उताऱ्याचा तोटा कारखान्याला. आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने तोही तोटा फिरून सभासदाकडेच येतो.

इतिहासातले आणि अलीकडचे उदाहरण

डोंगराच्या पायथ्याचे आपले रोहिणखेड इतिहासात लढायांसाठी नोंदलेले आहे. सन १५९० च्या सुमारास येथे अहमदनगरच्या गादीसाठी लढाई झाली. बालराजा इस्माईल निजामशहाच्या नावाने कारभार करणारा जमालखान एका बाजूला आणि इस्माईलचाच बाप बुऱ्हाण दुसऱ्या बाजूला. बुऱ्हाणला खानदेशच्या राजा अलीखानाची मदत होती. लढाईत जमालखान पडला आणि त्याच्या फौजेची फळी फुटली. माणसे होती, हत्यारे होती, पण त्यांना एकत्र धरणारा गेला. फौज ‘इंटरप्ट’ झाली असे इथे म्हणता येणार नाही. ती ‘डिस्रप्ट’ झाली.

अलीकडचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा राज्यात ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. लाखाहून अधिक ऊसतोड मजूर बायका-पोरांसह कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलमध्ये, आरोग्य तपासणी करून, त्यांना गावी जाण्याची परवानगी शासनाने दिली. गाड्या थांबल्या एवढ्यावर ते भागले नाही. घर, किराणा, मजुरी, गावाकडची शेती ही सगळी साखळीच तुटली. त्या काळात ‘सप्लाय चेन डिस्रप्टेड’ हे शब्द रोज ऐकू येत, ते याच अर्थाने.

सभेतला वापर

वार्षिक सभेच्या संदर्भात हा शब्द विशेष जपून वापरावा लागतो. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारला, तर ते ‘इंटरप्ट’ करणे. सभाच चालू न देणे, ती उधळून लावणे, हे ‘डिस्रप्ट’ करणे. ‘ही इंटरप्टेड द चेअरमन’ आणि ‘ही डिस्रप्टेड द मीटिंग’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात फार तर शिस्तीची चूक आहे, दुसऱ्यात आरोप आहे. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाच्या नावापुढे दुसरे वाक्य लिहिले गेले, तर त्याने हरकत नोंदवावी आणि इतिवृत्त दुरुस्त करून घ्यावे. प्रश्न विचारणे हा सभासदाचा हक्क आहे.

कर्ता कुठे गेला?

आता व्याकरणाचा मुद्दा. इंग्रजी पत्रांत हे क्रियापद बहुधा ‘वॉज डिस्रप्टेड’ असे येते. म्हणजे ‘विस्कळीत झाले’. कोणी केले, ते वाक्यात नसते. मराठीतही तीच सोय आहे. ‘वेळापत्रक विस्कळीत झाले’ म्हटले की कोणाकडे बोट जात नाही; ‘विस्कळीत केले’ म्हटले की कर्ता सांगावाच लागतो. पावसाने झाले असेल तर पावसाचे नाव लिहायला हरकत काय? नाव नसेल तेव्हा वाचणाऱ्याने ते विचारावे.

समजा, उसाच्या बिलाबाबत पत्र आले की ‘पेमेंट शेड्यूल हॅज बीन डिस्रप्टेड’. शब्द भारदस्त आहे, त्याने देणे मात्र टळत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने मुदत घालून दिली ती अशी: लेखी वेगळा करार नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे. हा नियम सर्व कारखान्यांना सारखा; आमच्या कचेरीतून निघणारी पत्रेही सभासदांनी याच नजरेने वाचावीत.

शब्दाला आलेला नवा अर्थ

गेल्या काही वर्षांत हा शब्द कौतुकानेही वापरला जातो. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेनसेन यांच्या १९९५ मधील लेखापासून आणि १९९७ मधील पुस्तकापासून हा वापर रूढ झाला. छोट्या पोलाद गिरण्यांनी हलक्या, स्वस्त मालापासून सुरुवात करून मोठ्या गिरण्यांना कसे मागे सारले, असे दाखले त्यांनी दिले. तेव्हापासून नवी कंपनी अभिमानाने म्हणते, ‘वुई विल डिस्रप्ट द मार्केट’. म्हणजे बाजाराची जुनी घडी आम्ही मोडू.

याच अर्थाने पाहिले तर सहकारानेही एक घडी मोडली. १९५० च्या सुमारास लोणी येथे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस पिकवणारा कारखान्याचा मालक झाला. तेव्हा कोणी ‘डिस्रप्ट’ केल्याचा दावा घेऊन कौतुकाने हा शब्द वापरू लागला, की एवढेच विचारावे: घडी कोणाची मोडणार आणि कोणाची बसणार?

सराव

पुढील प्रसंगी कोणता शब्द वापराल?

१. जेवणाच्या वेळी दहा मिनिटे लाईन गेली आणि परत आली.
२. पुरात पूल वाहून गेला. गावाची दूधवाहतूक दुसऱ्या मार्गाने नव्याने लावावी लागली.
३. तोडचिठ्ठी ठरल्या तारखेनंतर आठ दिवसांनी मिळाली.
४. काही लोकांनी घोषणा देत ग्रामसभा चालूच दिली नाही.

उत्तरे : १. इंटरप्ट. २. डिस्रप्ट. ३. डिले. ४. डिस्रप्ट.

यापुढे हा शब्द असलेला कागद हाती आला, की तीन प्रश्न विचारावेत. कोणी किंवा कशाने विस्कळीत केले? किती दिवस? आणि घडी पुन्हा बसवण्याची जबाबदारी कोणाची? तिन्ही उत्तरे कागदात नसतील, तर ती लेखी मागावीत आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.